हात थरथरतो म्हणजे कंपवातच का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात कंपवाताविषयी, म्हणजेच पार्किन्सन्सच्या आजाराविषयी, एक लहानसे टिपण दिले होते आणि साठीनंतर दर शंभरांत साधारण एकाला हा आजार होतो, असे त्यात म्हटले होते. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत लेखकांनी निदान स्वतःच करून टाकले आहे आणि आमच्याकडे फक्त औषधाची विचारणा केली आहे. हालचालींच्या विकारांत मात्र खरी अडचण निदानाचीच असते, कारण ते मुख्यतः रुग्णाकडे नीट पाहून आणि त्याची हकिगत ऐकून करावे लागते. म्हणून पुढील उत्तरांत त्यावर अधिक भर आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत, नावे गाळली आहेत आणि औषधांची मात्रा जाणूनबुजून दिलेली नाही.

प्रश्न : मी ५८ वर्षांचा असून नुकताच शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो. चहाचा कप उचलताना आणि सही करताना माझे दोन्ही हात थरथरतात. सही जुळत नाही म्हणून बँकेने चेक परत केला, तेव्हा मी धास्तावलो. आईचे हातही उतारवयात असेच हलत असत. स्वस्थ बसलो की मात्र हात स्थिर असतात. मी एमआरआय करून घ्यावा का? — एक वाचक, सांगली

उत्तर : स्वस्थ बसल्यावर हात स्थिर राहतात, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण निदानाच्या दृष्टीने पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य तेच आहे. कंपवातातील कंप बहुधा विश्रांतीच्या वेळी दिसतो. हात मांडीवर निवांत ठेवलेला असताना, विशेषतः मन दुसरीकडे गुंतले असताना, बोटे सेकंदाला चार ते सहा वेळा हलू लागतात आणि अंगठा व तर्जनी फुलवात वळावी तशी एकमेकांवर फिरतात. तोच हात काही उचलायला पुढे केला की कंप थांबतो किंवा बराच कमी होतो. शिवाय कंपवात सुरुवातीला एकाच बाजूला होतो आणि दुसऱ्या बाजूला पुढे कधीतरी पोहोचतो. तुमचे दोन्ही हात थरथरतात, तेही काम करताना, आणि आईलाही तसाच त्रास होता. हे सारे ‘इसेन्शियल ट्रेमर’ या पुष्कळ घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या कंपाकडे बोट दाखवते. कंपवातापेक्षा हा विकार कितीतरी अधिक लोकांना असतो.

घरी एक गोष्ट करून पाहा. रेघा नसलेल्या कागदावर एकच वाक्य पाच-सहा ओळी सलग लिहा आणि तो कागद तपासणीला जाताना बरोबर ठेवा. तुमच्या प्रकारच्या कंपात अक्षर मोठे, वेडेवाकडे आणि नागमोडी होते. कंपवातात ते ओळ पुढे सरकेल तसे बारीक होत जाते आणि शेवटी मुंगीएवढे उरते. जुन्या पासबुकावरील किंवा शाळेच्या हजेरीपटावरील सही मिळाल्यास तीही न्यावी, म्हणजे बदल केव्हापासून झाला ते कळते. डॉक्टर तुम्हाला चालायला लावतील आणि एक हात कमी झुलतो का, हे पाहतील. खांदा आखडल्याची तक्रार आधी होऊन गेली आहे का, हेही विचारतील, कारण कंपवाताच्या अनेक रुग्णांची सुरुवातीची वर्षे ‘फ्रोझन शोल्डर’वर शेक घेण्यात जातात. दर चार-पाच रुग्णांमागे एकाला तर कंप नसतोच, फक्त मंदपणा आणि ताठरपणा असतो.

एमआरआयची घाई करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. इसेन्शियल ट्रेमरमध्ये आणि कंपवातातही तो बहुधा नॉर्मल येतो. त्याचा उपयोग मुख्यतः दुसरे काही नाही ना, एवढे पाहण्यापुरता असतो. त्याआधी थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी. दम्याचा पंप किंवा फिट्सवरील व्हॅल्प्रोएटची गोळी चालू असल्यास ते सांगावे, कारण दोन्हींमुळे हात थरथरू शकतात. कंपामुळे रोजच्या कामात अडचण येत असेल तरच औषध घ्यावे. प्रोप्रॅनोलॉल आणि प्रिमिडोन ही दोन औषधे त्यासाठी वर्षानुवर्षे वापरात आहेत. पैकी पहिले दमेकऱ्यांना चालत नाही. दारूने हा कंप तासाभरापुरता कमी होतो हे खरे आहे आणि काही जण त्याच वाटेने व्यसनात ओढले जातात, म्हणून मुद्दाम लिहितो. बँकेत सहीचा नवा नमुना द्यावा म्हणजे तो प्रश्न मिटेल.

प्रश्न : सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. गेल्या पाच महिन्यांत त्यांचे चालणे अगदी संथ झाले, चेहऱ्यावरचे भाव गेले आणि दोन्ही हात थोडे थरथरतात. कंपवात म्हणून गोळी सुरू झाली, पण फरक नाही. पित्त, गॅसेस आणि चक्कर यांसाठी त्यांची औषधे बरेच दिवस चालू आहेत. — एक वाचिका, चिपळूण

उत्तर : पित्ताच्या आणि चक्करेच्या गोळ्यांची पाकिटे घेऊन बसा आणि त्यांवरील बारीक अक्षरांतील घटक वाचून काढा. कंपनीने ठळक छापलेल्या नावावरून काही कळत नाही. लेव्होसल्पिराइड, मेटोक्लोप्रमाइड, सिनॅरिझिन, फ्लूनॅरिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन यांपैकी एखादे नाव सापडले, तर ते त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला.

कंपवातात मेंदूच्या तळाशी असलेल्या काळसर पेशींचा ऱ्हास होतो आणि त्या तयार करत असलेले डोपामिन हे हालचालींचे संदेश पोहोचवणारे रसायन कमी पडते. वर सांगितलेल्या औषधांनी पेशींना इजा होत नाही. ती डोपामिनला त्याच्या ग्राहकांवर, म्हणजे पेशींवरील ज्या जागी बसून ते काम करते तिथे, बसूच देत नाहीत. बाहेरून दिसणारा परिणाम मात्र तोच असतो. रुग्ण मंदावतो, ताठरतो, थरथरतो. आपल्याकडे पँटोप्रॅझोल किंवा राबेप्रॅझोल या आम्लता कमी करणाऱ्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड एकाच गोळीत सर्रास मिळते. ‘पित्ताची गोळी’ म्हणून ती घरात येते, गुण आला की औषधांच्या दुकानातून तीच पुन्हा आणली जाते आणि दोन आठवड्यांसाठी लिहिलेले औषध वर्षभर चालू राहते. चक्करेवरील सिनॅरिझिनचीही हीच गत आहे. मी तर असे म्हणेन की साठीपुढच्या माणसात काही महिन्यांत दोन्ही बाजूंनी सारखा मंदपणा आला, तर कोणतीही तपासणी लिहिण्याआधी औषधांची पिशवी टेबलावर ओतून घ्यावी.

डॉक्टरांच्या सल्ल्याने असे औषध बंद केल्यावर सुधारणा दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात. सहा महिने वाट पाहावी लागली तरी धीर सोडू नये. काहींची लक्षणे पूर्णपणे जात नाहीत किंवा गेल्यावर पुन्हा येतात. अशांच्या बाबतीत कंपवात आतून सुरू झालेला होता आणि औषधाने तो लवकर उघड केला, असे समजले जाते. घरात कोणाला मानसिक आजारासाठी हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन चालू असेल, तर त्यांनाही असा त्रास होऊ शकतो, पण ती औषधे आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांशीच बोलावे.

प्रश्न : वडिलांना कंपवात होऊन नऊ वर्षे झाली. पूर्वी लेव्होडोपाच्या तीन गोळ्यांवर सगळा दिवस चांगला जायचा. आता गोळी तीन तासांत उतरते आणि रात्रीची तर जेवणानंतर लागूच पडत नाही. उंबरठ्यापाशी त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. चतुर्थीला गोळी लवकर लागते, असे ते म्हणतात. आम्ही ते हसण्यावारी नेले. गोळीची शरीराला सवय झाली आहे का? एकाने खाजकुयलीचे चूर्ण सुचवले आहे. — एक वाचक, नाशिक

उत्तर : वडिलांचे निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि त्यातच तुमच्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर आहे. लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत जाऊन ज्याचे डोपामिन होते ते औषध, हे एक अमिनो आम्ल आहे. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना त्याला प्रथिनांपासून सुटणाऱ्या अमिनो आम्लांशी स्पर्धा करावी लागते. वरण, उसळ, दूध, पनीर किंवा अंडी यांच्या जेवणावर गोळी घेतली की ती मागे पडते. उपवासाच्या दिवशी साबुदाणा, रताळे, फळे असे बहुतांशी पिष्टमय खाणे होते (दाण्याचा कूट सढळ हाताने घातला नसेल तर), म्हणून त्या दिवशी गोळीला वाट मोकळी मिळते. याचा अर्थ रोज उपवास करावा असा नव्हे. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर दीड-दोन तासांनी घ्यावी. प्रथिने सोडू नयेत, कारण वजन आणि ताकद आधीच घटत असते. त्यांतला मोठा वाटा रात्रीच्या जेवणात ठेवून पाहावा. मग रात्रीची गोळीही जेवणाच्या बरीच आधी घ्यावी लागेल. लोहाच्या गोळ्या आणि लेव्होडोपा यांच्यात दोन तासांचे अंतर असावे. बद्धकोष्ठतेकडेही लक्ष द्यावे, कारण याच आजारामुळे जठर आणि आतडी मंदावतात आणि गोळी पोटातच रेंगाळते.

उरलेला अर्धा भाग आजाराचा आहे. लेव्होडोपा रक्तात फार थोडा वेळ टिकते. निम्मी मात्रा साधारण दीड तासात निघून जाते. सुरुवातीच्या वर्षांत मेंदूतील शिल्लक पेशी तिच्यापासून झालेले डोपामिन साठवून हळूहळू वापरतात. पेशी कमी झाल्या की साठवण संपते आणि रक्तातील प्रत्येक चढउतार हातापायांत दिसू लागतो. याला सवय म्हणता येणार नाही. गोळी उशिरा सुरू केल्यास ती पुढे जास्त वर्षे पुरते, हा समजही अभ्यासांत टिकलेला नाही. आता डॉक्टर बहुधा तेवढेच औषध लहान मात्रांत, अधिक वेळा विभागून देतील किंवा त्याचा परिणाम लांबवणारे एन्टाकॅपोन जोडतील. त्याने लघवी नारिंगी होते. घाबरण्याचे कारण नाही. मात्रा वाढवताना अंगाला नको तेवढे हेलकावे येऊ लागले तर अमँटाडिनचा उपयोग होतो. भेटीला जाण्यापूर्वी दोन-तीन दिवस तासागणिक नोंद ठेवा: गोळी कधी घेतली, कधी लागली, कधी उतरली, हेलकावे केव्हा आले. अशी वही समोर असली की डॉक्टरांचे काम निम्म्याने हलके होते. एक मात्र कधीही करू नये: लेव्होडोपा एकदम बंद करू नये. त्यामुळे तीव्र ताठरता आणि ताप येऊन जीवावर बेतू शकते. रुग्णालयात इतर कारणासाठी दाखल असतानाही गोळीची वेळ चुकू देऊ नये.

खाजकुयलीला थोतांड म्हणता येणार नाही. तिच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असते. भारतातच १९३७ मध्ये ती त्या बियांतून वेगळी केली गेली होती. व्हिएन्नातील डॉक्टरांनी १९६१ मध्ये कंपवाताच्या रुग्णांना लेव्होडोपा टोचून पाहिल्याचे प्रसिद्ध केले, ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. म्हणूनच अडचण अशी आहे की चूर्ण घेतल्यास वडिलांची मात्रा न मोजता वाढेल आणि चूर्णातील प्रमाण प्रत्येक खेपेस सारखे असेल याची खात्री नाही. गोळीत मळमळ कमी करणारे कार्बिडोपा असते, तेही चूर्णात नसते. घ्यायचेच असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना सांगून घ्यावे. लपवून घेऊ नये.

उंबरठ्यापाशी पाय अडकले की हात धरून ओढू नका. त्याने माणूस पडतो. थांबा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेऊ द्या आणि ‘एक-दोन, एक-दोन’ असे मोठ्याने म्हणत पाऊल उचलायला सांगा. दाराच्या अलीकडे-पलीकडे पावलाच्या अंतराने रंगीत टेपच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या तर अनेकांना त्या ओलांडून सहज जाता येते. आपसूक चालण्याचा मेंदूतील मार्ग बिघडलेला असतो, पण डोळ्यांनी किंवा तालाने चालवण्याचा मार्ग शाबूत असतो. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांसाठी मेळावे भरवतात. तिथे वडिलांना एकदा तरी न्यावे.

प्रश्न : माझे पती ५४ वर्षांचे आहेत. कंपवातासाठी प्रामिपेक्सोल वाढवल्यापासून ते रात्रभर मोबाईलवर रमी खेळतात. कर्ज झाले आहे. आधी त्यांनी कधी लॉटरीचे तिकीटही घेतले नव्हते. दीर म्हणतात, धाक नाही म्हणून असे होते. — एक वाचिका, पनवेल

उत्तर : हा औषधाचा परिणाम असण्याची दाट शक्यता आहे आणि त्याचा धाकाशी संबंध नाही. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे मेंदूतील बक्षिसाची ओढ निर्माण करणाऱ्या भागावरही काम करतात. त्यामुळे काही रुग्णांत जुगार, अनावश्यक खरेदी, अतिखाणे किंवा अतिरेकी लैंगिक इच्छा सुरू होते. रुग्ण लाजेने बोलत नाही आणि डॉक्टर गर्दीत विचारत नाहीत. येत्या भेटीपर्यंत थांबू नका, फोन करून कळवा. औषध कमी केल्यावर ही ओढ बहुधा ओसरते, पण ते टप्प्याटप्प्यानेच कमी करावे लागते, अन्यथा अस्वस्थता आणि नैराश्य येते. तोवर बँकेचे व्यवहार तुमच्या हाती ठेवावेत.

प्रश्न : मेंदूत तारा बसवण्याच्या शस्त्रक्रियेने कंपवात कायमचा बरा होतो का? — एक वाचक, अमरावती

उत्तर : नाही. डीबीएस या नावाने ओळखली जाणारी ही शस्त्रक्रिया लक्षणांवर काम करते. पेशींचा ऱ्हास तिने थांबत नाही. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे १९८७ मध्ये तिची आधुनिक सुरुवात झाली. मेंदूच्या आतील ठरावीक केंद्रात बारीक विद्युताग्रे बसवून कॉलरच्या हाडाखाली ठेवलेल्या बॅटरीतून त्यांना सतत सूक्ष्म प्रवाह दिला जातो. बॅटरी साधी असेल तर काही वर्षांनी बदलावी लागते, चार्जिंगची असेल तर अधिक काळ चालते. सगळा खर्च काही लाखांत जातो.

कोणाला फायदा होईल, हे ठरवण्याची कसोटी सोपी आहे. लेव्होडोपा चांगली लागलेली असताना जे सुधारते, तेच शस्त्रक्रियेने सुधारते. कंप याला अपवाद आहे. औषधाला दाद न देणारा कंपही अनेकदा आटोक्यात येतो. म्हणून आधी सकाळी औषध न देता आणि नंतर देऊन रुग्णाची हालचाल मोजली जाते. ज्यांचे दिवसाचे बरेच तास गोळी उतरण्यात आणि हेलकाव्यांत जातात, पण गोळी लागलेली असताना जे जवळजवळ पूर्ववत असतात, त्यांच्यासाठी हा उपाय आहे. तोल जाऊन पडणे, बोलणे अस्पष्ट होणे किंवा विस्मरण या तक्रारी असतील तर त्यांत सुधारणा होत नाही. विस्मरण आणि बोलणे उलट बिघडू शकते. शंभरांतील एक-दोघांना मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो, तोही आधी विचारून घ्यावा. निर्णय दोन-तीन वर्षे पुढे ढकलणारे आणि औषधांची मांडणी नीट करून न पाहताच टेबलावर जाणारे, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण पाहण्यात येतात. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांची मला जास्त काळजी वाटते.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा आहे. वर्षभरात अक्षर बिघडले, बोलणे जड झाले, तोंडातून लाळ गळते आणि हात वेडावाकडा वळतो. तो चिडचिडा झाला आहे. शाळा म्हणते, मुद्दाम करतो. गावात अंगारा-धुपारा झाला. बाराव्या वर्षी त्याला कावीळ झाली होती. आमचे लग्न नात्यातले आहे. — एक पालक, बीड जिल्हा

उत्तर : या पत्राचे उत्तर अंकाची वाट न पाहता पोस्टाने आधीच पाठवले आहे, इतर पालकांसाठी येथे देत आहे. लहान वयातील काविळीची हकिगत, त्यानंतर अक्षर, बोलणे आणि स्वभाव यांत झालेला बदल आणि आई-वडिलांचे नात्यातील लग्न, एवढे ऐकल्यावर विल्सनचा आजार आहे का, हे पाहिलेच पाहिजे. हालचालींच्या विकारांत जे मोजके आजार वेळेवर उपचार केल्यास आटोक्यात राहतात, त्यांत हा येतो. म्हणून तो चुकणे अक्षम्य आहे.

अन्नातून आलेले जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. १३व्या गुणसूत्रावरील एका जनुकातील दोषामुळे या आजारात ते काम होत नाही. तांबे आधी यकृतात, मग मेंदूत आणि डोळ्यांत साठत जाते. निदानाची सुरुवात नेत्रतज्ज्ञांकडे होऊ शकते. मेंदूची लक्षणे असलेल्या बहुतेक रुग्णांत बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडे असते आणि ते स्लिट लॅम्पखाली दिसते. त्याबरोबर रक्तातील सेरुलोप्लाझमिन (तांबे वाहून नेणारे प्रथिन) आणि २४ तासांच्या लघवीतील तांबे तपासावे. उपचारात पेनिसिलामिन किंवा ट्रायेन्टिन ही तांबे बाहेर काढणारी औषधे आणि तांबे शोषू न देणारे जस्त वापरतात. पेनिसिलामिनने सुरुवातीला काहींची लक्षणे वाढतात, त्यामुळे ते थोड्या मात्रेने, देखरेखीखाली सुरू करावे लागते. सुधारणेला अनेक महिने लागतात. बरे वाटले म्हणून औषध सोडल्यास यकृत निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो, म्हणून उपचार जन्मभराचे आहेत. तांब्याच्या भांड्यात पाणी साठवून पिणे या मुलाने लगेच थांबवावे. चॉकलेट, काजू-बदाम आणि अळिंबीही टाळावी.

त्याला भावंडे असतील तर ती कितीही ठणठणीत दिसत असली, तरी प्रत्येकाची तपासणी करून घ्या. आई आणि वडील दोघांकडून दोषयुक्त जनुक आले तरच आजार होतो आणि प्रत्येक भावंडाच्या बाबतीत ही शक्यता चारांत एक असते. लक्षणे दिसण्यापूर्वी उपचार सुरू झाले, तर ते मूल बहुधा निरोगी आयुष्य जगते. विल्सन नाही असे ठरल्यास डॉक्टरांना आणखी एक गोष्ट जरूर विचारा. काही मुलांचे पाय सकाळी ठीक असतात आणि संध्याकाळपर्यंत वाकडे होतात. त्यांना सेरेब्रल पाल्सीचा शिक्का बसतो आणि प्रत्यक्षात लेव्होडोपाच्या थोड्याशा मात्रेने ती चालू-फिरू लागतात.

प्रश्न : माझे डोळे मध्येच आपोआप घट्ट मिटतात, उन्हात अधिक. डोळ्यांत दोष नाही असे सांगितले. बोलताना किंवा गाणे म्हणताना मात्र ते उघडे राहतात. — एक वाचिका, मडगाव

उत्तर : बोलताना डोळे उघडे राहतात म्हणून हे नाटक आहे असे कोणी म्हटले असेल, तर ते मनावर घेऊ नका, तो या विकाराचा स्वभावच आहे. पापण्यांच्या स्नायूंचा हा डिस्टोनिया (स्नायू आपोआप आवळले जाण्याचा विकार), म्हणजे ब्लेफरोस्पाझम, असावा. पापण्यांभोवती बोट्युलिनम विषाची अतिशय अल्प मात्रा टोचून तो ताब्यात ठेवता येतो. काही दिवसांत गुण येतो आणि साधारण तीन महिन्यांनी इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागते. पापणी थोडी खाली लोंबणे किंवा डोळा कोरडा पडणे असे तात्पुरते त्रास होऊ शकतात. इंजेक्शन या विकाराचा अनुभव असलेल्या मेंदूविकारतज्ज्ञाकडूनच किंवा नेत्रतज्ज्ञाकडूनच घ्यावे. तोपर्यंत बाहेर पडताना गडद चष्मा वापरा आणि दुचाकी चालवू नका.